मी बरी आहे

माझे बाबा बोलायचे बाईसारखे. आवाजाने नव्हे हं. आवाज चांगला भरदार होता, खाली दुकानात खोकले तरी वर आम्हाला कळायचं. पण म्हणायचे, "मी आले", "मी जेवले", "दमले बाई आज". आईच्या माहेरची माणसं फोनवर हे ऐकून आधी गप्प व्हायची आणि मग तोंडावर हात धरून हसायची. फोनवर हात दिसत नाही, हसू मात्र ऐकू येतं. मला ते कधी खपलं नाही. मी मुळात तोंडाळ, आणि इथे मी सांगणार आहे आईबद्दल, म्हणजे मधेमधे माझा तोल जाणार. चालवून घ्या.

आई परदेशातल्या त्या शहरात आली ती एका मोठ्या इस्पितळाच्या लॉंड्रीत कामाला. यंत्रातून गरम चादरी निघायच्या. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, घडी घालायची, ढिगावर टाकायची, की पुढची. समोरच्या बाईचं तोंड दिवसभर समोर, पण तिच्याशी बोलायला भाषा नाही. आईला तिथली भाषा आली होती ती कामापुरती: ओलं, सुकं, फाटकं, उचल, ठेव. तिच्याबरोबर आलेल्या दोघी पहिल्याच थंडीत कंटाळून परत गेल्या. आई राहिली, कारण आजोबांशी भांडून आली होती आणि परत जाऊन त्यांना तोंड दाखवायची तिची तयारी नव्हती. हट्ट तिच्याकडे पोत्याने. मावशी म्हणते, त्यातलं अर्धं पोतं माझ्याकडे आलंय.

त्या थंडीत तिच्या होस्टेलच्या खोलीची काच वाऱ्याने आपटून फुटली. पुठ्ठा लावून तिने काही रात्री काढल्या, मग काचवाला आला. काच चिकटवायचा जुना लगदा, म्हणजे लांबी, चौकटीतून खरवडून काढली, माप घेतलं, टेबलावर काच आडवी ठेवली, काच कापायच्या हिरकणीने एकच रेघ ओढली आणि दोन बोटांनी टक् करून काच मोडली. आई पलंगाच्या कडेला अंगावर शाल घेऊन बसली होती. ती स्वतःशीच आपल्या भाषेत म्हणाली, आता तरी थंडी वाजायची थांबेल बाई. कितीतरी दिवसांत तिने स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. काचवाला वळला आणि म्हणाला, "थांबेल बाई." हा त्यांचा पहिला धडा. तो "बाई" त्यांच्या जिभेला चिकटला तो कायमचा.

लग्नानंतर बाबांनी हट्टाने आईची भाषा शिकून घेतली. त्यांचं म्हणणं असं, की दिवसभर परक्या भाषेत वावरलेल्या माणसाला संध्याकाळी घरी कुणीतरी त्याच्या भाषेत "आलीस का" म्हणायला हवं. आता त्यांच्या भाषेत क्रियापदाला बाई-बाप्या काही नसतं. बाई गेली काय, पुरुष गेला काय, शब्द एकच. आणि शिकवायला एकटी आई. ती म्हणायची "मी आले", तेही म्हणायचे "मी आले". ती म्हणायची "भूक लागली बाई", की यांनाही भूक लागली बाई. आईच्या हे लक्षात आलं तोवर भाषा पक्की बसली होती. तिने सुधारायचा प्रयत्न केला. तू "आलो" म्हण, असं सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, "आलो म्हणणारं माणूस कुठे आहे? मी कधी ऐकलं नाही. तू म्हणतेस तसं मी म्हणते." आईने हात टेकले.

पुढे एकदा आजीशी फोनवर बोलताना बाबा मोठ्या अदबीने म्हणाले, "मी बरी आहे, तुम्ही कशा आहात?" आजी हसत सुटली आणि आईला म्हणाली, अगं, जावई केलास की सून आणलीस? आजी चेष्टेनेच म्हणाली, पण आईला ते फार लागलं. त्या दिवसापासून तिने बाबांची भाषा सुधारणं बंद केलं आणि मलाही बजावलं, की आपल्या घरात असंच बोलतात, कुणी फाटे फोडायचे नाहीत. मी मुलगी होते म्हणून निभावलं. मुलगा असते तर शाळेच्या पहिल्याच सुट्टीत आजोळी जाऊन माझी शोभा झाली असती.

काचेचं दुकान खाली, घर वर. आईने लॉंड्री सोडली आणि दुकानात उभी राहू लागली. गिऱ्हाईकाशी बोलायचं, माप घ्यायचं, लांबी मळायची. हळूहळू काच कापायलाही शिकली. तिचं तिथल्या भाषेतलं बोलणं मात्र शेवटपर्यंत दुकानाएवढंच राहिलं: लांबी, रुंदी, जाडी, उद्या मिळेल. मनातलं काही सांगायचं तर ते संध्याकाळी, दुकानाचं दार ओढून घेतल्यावर, बाबांना. मी ऐकत असे, पण मला ते सगळं कळावं असं माझं वय नव्हतं.

मग ते सगळं सुरू झालं. कोण कुणाविरुद्ध होतं ते मी आज फळ्यावर लिहून समजावू शकेन, पण तेव्हा आमच्या घरात कुणाला धड कळत नव्हतं. बाबांना तर राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना कळायची काच. आधी मोर्चे, मग दगड, मग गोळ्या. सुरुवातीला बाबांना जेवायला फुरसत नव्हती. आज शाळेच्या खिडक्या, उद्या औषधाच्या दुकानाची दर्शनी काच. समोरचा घड्याळवाला म्हणायचा, तुझी तर चांदी आहे लेका. बाबा वर येऊन आईला सांगायचे, काल बसवली, आज परत फुटली, मी कंटाळले आता. पुढे लोकांनी काचा बसवणंच सोडून दिलं आणि खिडक्यांना फळ्या ठोकल्या. भर दुपारी जिन्यात दिवा लावावा लागायला लागला.

त्यात कुणीतरी पिल्लू सोडलं, की हे सगळं बाहेरून आलेल्यांनी घडवलंय. झालं. आमच्या गल्लीत बाहेरून आलेलं माणूस एकच, आई. पाववाला पाव द्यायचा, पण तिच्याकडे न बघता. वरच्या मजल्यावरची नर्स आमची पावलं ऐकली की दार लावून घ्यायची. लॉंड्रीतली ती जुनी बाई, चादरीचं दुसरं टोक धरणारी, एकदा रस्त्यात समोरून आली आणि आईला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेली. तिच्या आजारपणात आईने तिच्या शिफ्ट केल्या होत्या. मी त्या बाईला तिच्याच भाषेत दोन शब्द सुनावणार होते, आईने माझा दंड धरला तो घरापर्यंत सोडला नाही. घरी येऊन ती म्हणाली, भ्यालीय गं ती. मला राग त्या बाईचा नव्हता एवढा आईच्या समजूतदारपणाचा आला.

आता आईची भाषा घराबाहेर बोलायची नाही, असं ठरलं. खिडकी उघडी असेल तर घरातही नाही. पण खिडक्या लावल्या की ते दोघं बोलत बसायचे. काय बोलायचे एवढं? काही नाही. भाजी महाग झाली, जिन्याची पायरी हलतेय, मी दमले, तू पण दमलीस. मी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत पडायची आणि मला वाटायचं दोन बायका बोलताहेत.

एका सकाळी गाडीतून दोन माणसं आली. रेडिओच्या इमारतीच्या काचा उडाल्या होत्या, त्या लगेच बसवायला हव्या होत्या. बाबांनी हत्यारांची पेटी उचलली. जिन्यातून उतरता उतरता आईला म्हणाले, लांबी झाकून ठेव, वाळेल. दुपारपर्यंत ती इमारत या लोकांच्या हातून त्या लोकांच्या हातात गेली. आत सापडला तो प्रत्येक माणूस त्यांनी ट्रकमध्ये घातला: बातम्या वाचणारे, झाडूवाला, पहारेकरी आणि काचवाला. हा फक्त काच बसवायला आला होता, हे त्या गडबडीत कोण ऐकून घेणार?

आई रोज तुरुंगाच्या मोठ्या फाटकापुढे जाऊन उभी राहायची. तिथे बायकांची रांग असे. आतला कारकून कानावर हात ठेवायचा. या नावाचं कुणी इथे नाही, पुढे चला. तो भरभर बोलायचा, आईला कळायचं नाही, म्हणून मी शाळा बुडवून बरोबर जायची. रांगेतल्या बायका आपसात बोलत, रडत, एकमेकींच्या पाठीवर हात फिरवत. आई त्यांच्यातच उभी असायची, पण तिच्या पाठीवर कुणी हात फिरवला नाही. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, तुला काय, तुझा देश आहे ना, जा की तिकडे. मी ते आईला सांगितलं नाही, पण तेवढं तिला कळलं.

घरी येऊन सांगणारे पुष्कळ. कुणी म्हणे, तुझा नवरा बंदरावर दिसला. कुणी म्हणे, सरहद्द ओलांडून गेला, आता कसला येतोय. आई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि एकच विचारायची: काय बोलला? ते काहीतरी वाक्य सांगायचे, त्यांच्या भाषेत, भारीभक्कम. ते गेले की आई म्हणायची, तो नव्हता.

मग आईच्या देशाच्या वकिलातीतून एक गृहस्थ आले. वकिलात बंद होत होती. विमान हे शेवटचं. स्टेशनच्या चौकातून सकाळी विमानतळाची बस सुटेल, तुम्ही आणि मुलगी बसू शकता, नवऱ्याचं आमच्या हातात काही नाही. चांगला माणूस होता, घाम पुसत होता बिचारा. आई म्हणाली, बघते. मला वाटलं, आता ही बघते बघते म्हणत आम्हा दोघींना इथेच गाडणार. मला जायचं होतं. हे सांगायला मला लाज नाही. मी भीतीने रात्र रात्र जागी असायची आणि मला तिथून सुटायचं होतं.

बस सुटणार त्याच्या आदल्या दुपारी एक कंडक्टर आला. अंगावर बसकंपनीचा कोट, बाही फाटलेली, एका कानाला कापूस. दारात उभ्यानेच त्याने विचारलं, काचवाल्याचं घर हेच का? तो बाबांबरोबर एकाच कोठडीत होता. त्याला सोडलं, का सोडलं ते त्यालाही माहीत नव्हतं. बाबांनी त्याच्याकडून निरोप पाठ करून घेतला होता, आईच्या भाषेत. अर्थ सांगितला नाही. म्हणाले होते, तुला अर्थ माहीत नसलेला बरा, कुणी मारून विचारलं तरी सांगता येणार नाही. त्याने घोकलं. थांब्यांची नावं घोकायची सवयच होती त्याला.

आईने त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. डोळे मिटले आणि बसमध्ये थांबे पुकारावेत तशा सुरात त्याने म्हटलं, "मी बरी आहे."

आई हसली. किती दिवसांनी हसली, आणि हसता हसता भिंतीला टेकली. हा निरोप जगात दुसऱ्या कुणाला बनवता आला नसता. बाबा जिवंत होते. मी पण हसले, रडले, काय काय केलं. कंडक्टर गोंधळून आमच्याकडे बघत राहिला, त्याला वाटलं आपलं काही चुकलं.

"पुढे?" आईने विचारलं.

"वाट बघू," तो म्हणाला. आणि थांबला. पुन्हा डोळे मिटून पहिल्यापासून म्हटलं. "मी बरी आहे. वाट बघू." मग कापूस घातलेल्या कानावर हात ठेवून तो म्हणाला, की त्याच्या पुढे अजून एक लहानसा शब्द होता बहुतेक. सुटायच्या दिवशी शिपायांनी कानावर मारलं, त्यात तो शब्द गेला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नको? नको होता का तो शब्द?"

आई माझ्या अंगावर ओरडली, त्याच्या तोंडात शब्द घालू नकोस म्हणून. कंडक्टर बिचारा म्हणाला, असेल, नसेलही, तुमचे सगळे शब्द मला सारखेच वाटतात. जास्त वेळ थांबणं त्याला धोक्याचं होतं. तो गेला.

मग आम्ही भांडलो. खिडक्या लावून, हळू आवाजात, पण असं भांडलो की विचारू नका. मी म्हटलं, थांब म्हणायचं असतं तर ते "वाट बघ" म्हणाले असते. "बघू" म्हटलं म्हणजे पुढे "नको"च येतं. वाट बघू नको. जा, असं सांगितलंय त्यांनी. आई म्हणाली, असं काही नाही. वाट बघू, म्हणजे आपण वाट बघू. तो तिकडून, मी इकडून. मी म्हटलं, "आपण" कुठे म्हणाले? ती म्हणाली, "आपण" काय बोलताना गाळतोच माणूस. मी म्हटलं, मग तो लहान शब्द कुठला? ती म्हणाली, "गं" असेल. वाट बघू गं.

बाबा खरंच असं म्हणाले असते. एका "बघू"वर आमचं सगळं लटकलं होतं आणि त्याचा निवाडा करू शकेल असं त्या अख्ख्या शहरात आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. संध्याकाळी आईने कपाटावरून बॅगा काढल्या. दोन. तिचे कपडे तिच्या बॅगेत, माझे माझ्या. मला वाटलं, पटलं तिला.

सकाळी चौकात बस उभी होती. बायका, पोरं, गाठोडी, एकच गलका. आणि तो सगळा गलका आईच्या भाषेत. इतक्या लोकांना एकदम ती भाषा मोठ्याने बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. कुणी पुरुष पलीकडून ओरडला, "मी आलो रे, जागा धर," आणि आई दचकून तिकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही बॅगा वर चढवल्या, माझे केस नीट केले आणि म्हणाली, "तू हो पुढे, मी आलेच."

मी आत गेले. खिडकीजवळची जागा पकडली, शेजारी माझी पिशवी ठेवली, कुणाला बसू दिलं नाही, दोघांशी हुज्जत घातली. बस हलली तेव्हा पिशवी तिथेच होती. आई खाली फुटपाथवर उभी होती. तिची बॅग मी मावशीकडे उघडली तर आत तिचे कपडे वरवर दोनच. खाली सगळे माझे, पुढच्या थंडीचे.

मी मावशीकडे वाढले. लोक चांगले होते, कुणी मला काही कमी केलं नाही, पण मी आईवर फार दिवस चिडून होते. फोन पुन्हा सुरू झाले तेव्हा आठवड्यातून एकदा ती बोलायची आणि मी तुटक उत्तरं द्यायची. शिकले, आणि काय झाले म्हणाल, तर भाषेची शिक्षिका. लिंग, वचन, काळ. पोरांच्या वह्यांत लाल रेघा मारत असते. बाबांचं पुढे काही कळलं नाही. ते राज्य गेलं, दुसरं आलं, कोठड्या उघडल्या, आत होते ते बाहेर आले. त्यांत ते नव्हते. मेल्याचं कुणी सांगितलं नाही, जिवंत असल्याचंही नाही.

गेल्या वर्षी मी आईला घेऊन यायला म्हणून गेले. ठरवूनच गेले होते. ती दुकानात होती. केस पिकलेत, चष्मा लागलाय, हात मात्र स्थिर. गल्ली पुन्हा उजेडाची झाली होती. पाववाला तिला नमस्कार करतो, वरची नर्स तब्येत विचारते, जसं काही कधी झालंच नव्हतं. आई त्यांना उत्तरं देते, दुकानाएवढीच. मी राहिले त्या दिवसांत बघितलं: संध्याकाळी दुकानाचं दार ओढून ती वर यायची आणि "आले" म्हणायची, रिकाम्या खोलीला. मी समोर बसलेली असायची, तरी मला नाही, खोलीलाच.

निघायच्या आदल्या दिवशी ती एका तसबिरीची काच कापत होती. मी समोर स्टुलावर बसले होते. मला राहवलं नाही.

"आई, नको म्हणाले होते बाबा. तुला तेव्हाच कळलं होतं."

तिने रेघ ओढली, काच मोडली, कड फडक्याने पुसली.

"म्हणाला असेल," ती म्हणाली. "पण त्याच्या बोलण्याचं तू काय धरून बसतेस? त्याला साधं 'आलो' म्हणता येत नव्हतं."

मग माझा तोल गेला. मी तिला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तू इथे भिंतींशी बोलतेस. तुला ताप आला तर पाणी मागायला तुझी भाषा कुणाला कळत नाही. तिकडे मावशी आहे, मी आहे, शेजारीपाजारी आहेत, भाजीवालीशी सुद्धा भांडता येईल तुला पोटभर. इतकी वर्षं झाली, तुला एकटं वाटत नाही का?

"वाटतं," ती म्हणाली. "खूप वाटतं. खोटं कशाला बोलू?"

"मग चल ना."

तिने कापलेली काच उजेडाकडे धरून बघितली, खाली ठेवली, आणि चष्मा काढला.

"तिकडे सगळे बरोबर बोलतात गं."